दारापलीकडची मटिल्डा

ल्यूक बेसाँचा 'लिऑन : द प्रोफेशनल' (१९९४) आता बहुतेकांना रील्समधून तुकड्यातुकड्यांनी भेटतो. गोल काळा चष्मा, लोकरी टोपी, कुंडीतलं रोप, आणि गोळी चावून मान मागे टाकणारा गॅरी ओल्डमन. स्टाइल इतकी, की अख्खा सिनेमा न पाहताही पाहिल्यासारखा वाटतो.

मला त्यातला दाराचा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. न्यूयॉर्कमधली जुनी इमारत. १२ वर्षांची मटिल्डा सामान घेऊन परत येते, तर घरात बापाचं प्रेत आणि दारात बंदूकवाला. ती थांबत नाही. आपलंच घर परक्यासारखं ओलांडून शेजारच्या लिऑनची बेल वाजवते. रडते, पण आवाज न करता. आत लिऑन पीपहोलला डोळा लावून उभा. माणसं मारताना ज्याचा हात कापत नाही, त्याला एक दार उघडायला घाम फुटतो. (पिशवीत त्याच्यासाठी आणलेलं दूध आहे, हेही विसरू नका.) दार उघडतं, तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. स्टाइल अशी कामाला लावावी!

पुढे मात्र सिनेमा घसरतो. मटिल्डा लिऑनच्या प्रेमात पडते. लिऑन स्वतःच लहान मूल आहे: त्याला वाचता येत नाही, रिकाम्या थिएटरात जीन केली नाचताना पाहून तो हरखतो. एकटी पोर अशा माणसाला चिकटणार, हे मला पटतं. पटत नाही तो कॅमेरा. चोकर घातलेल्या, मॅडोना-मर्लिनची नक्कल करणाऱ्या मुलीकडे तो लिऑनच्या अवघडलेल्या नजरेने बघत नाही, मजेत बघतो. नॅटली पोर्टमनने २०१८च्या विमेन्स मार्चमध्ये सांगितलं, की १३व्या वर्षी तिने उघडलेलं पहिलं फॅनपत्र एका पुरुषाने लिहिलेली बलात्काराची फँटसी होतं. लिऑन मटिल्डाला वाचवतो. नॅटलीला वाचवायला सेटवरचं कोणी दार उघडलं नाही.

आपल्याकडे २०००मध्ये गुड्डू धनोआने यावरून 'बिच्छू' काढला. बॉबी देओल, राणी मुखर्जी. मुलगी मोठी केली, रोमान्स बिनधास्त झाला. अडचण गेली आणि तिच्याबरोबर सिनेमाही गेला, कारण दाराबाहेर मूलच उरलं नाही.

'लिऑन' पाहणार असाल, तर २०-२५ मिनिटांनी लांब असलेली आवृत्ती पाहा. ती जास्त अस्वस्थ करते, तरी मी तिच्या बाजूने आहे. तिच्यात मटिल्डा थेट विचारते, आणि लिऑन थेट नाही म्हणतो, का नाही तेही सांगतो. अमेरिकेत आधी दाखवलेल्या छोट्या आवृत्तीत तिचा तो प्रश्न कापला, आणि त्याच कात्रीखाली लिऑनचा नकारही गेला.