विश्वनागरिकता : वेशीच्या आतून

नशिराबादपासून भादलीचे रेल्वेस्थानक अगदी जवळ आहे. ५ मे १९१८ रोजी तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, रेल्वेखाली सापडून मरण पावले. निसर्गकवीचा यंत्राने घेतलेला बळी, असे या घटनेचे रूपक करण्याचा मोह सहज होतो. तो टाळलेला बरा. निसर्ग आपला आणि रेल्वे परकी, अशी वाटणी त्या रूपकात गृहीत धरलेली असते. बालकवींच्या बाबतीत ती टिकत नाही. १९०७ साली जळगावच्या ज्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, त्याचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. शिवाय केशवसुतांपासून मराठी कवितेत रुजलेली आत्मपर निसर्गदृष्टी इंग्रजी कवितेच्या परिशीलनाशी निगडित होती. ती दृष्टी आणि ती रेल्वे या दोन्ही गोष्टी खानदेशात एकाच ऐतिहासिक प्रक्रियेने आल्या.

विश्वनागरिकतेची चर्चा करताना मराठी समीक्षेच्या डोळ्यांसमोर बहुधा प्रवासी असतो: दोन भाषांत लिहिणारा, महानगरात वावरणारा, कोलटकर-चित्रे यांच्या परंपरेतला. डायोजिनीसने स्वतःला जगाचा नागरिक म्हणवले तेव्हा तोही आपल्या नगरातून हद्दपार झालेला होता. कांटने मात्र १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात हा हक्क आतिथ्याच्या कक्षेत आणला: परक्या भूमीवर येणाऱ्याला केवळ तो आला म्हणून शत्रू मानले जाऊ नये. या मांडणीत यजमानाची भूमिकाही तितकीच महत्त्वाची ठरते. आपण ती बाजू फारशी तपासलेली नाही.

ती तपासायची तर बहिणाबाई चौधरींकडे जावे लागते. नशिराबादच्याच परिसरातील असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीचे आयुष्य असोदे आणि जळगाव एवढ्याच टापूत गेले. गाणी ग्रंथरूपाने आली ती १९५२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. छापखान्यावरील तिचे गाणे या संदर्भात लक्षणीय आहे. परके यंत्र दारात आल्यावर ती दिपतही नाही आणि धास्तावतही नाही. त्याच्या निमित्ताने माणसाच्या शहाणपणाविषयीच शंका उपस्थित करते. जे आले त्याला आपल्या बोलीत जागा द्यायची आणि मग त्याच्याशी वाद घालायचा, हा तिच्या संवेदनस्वभावाचा विशेष आहे. एका महानगरातील चर्चासत्रात तिचा उल्लेख 'प्रादेशिक गोडवा' या सदराखाली झालेला मी ऐकला आहे. अभ्यासाने येणारा संकुचितपणाही असतो, हे त्या दिवशी कळले.

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेची मांडणी या ठिकाणी उपयोगी पडते, परंतु अपुरीही वाटते. मूळ नसलेल्या आंतरराष्ट्रीयतेवरील त्यांची टीका मला मान्य आहे. पण देशी म्हणजे नेमके काय, हे ठरवू लागले की अडचण येते. 'नशिराबाद' या नावातच अरबी-फारसी घडण आहे. ते उच्चारताना कोणाही शेतकऱ्याला परके काही उच्चारल्यासारखे वाटत नाही. स्वतः नेमाड्यांची 'हिंदू' (२०१०) मोहेंजोदडोच्या उत्खननापासून सुरू होते आणि मोरगावाला उपखंडाच्या इतिहासात नेऊन बसवते. सर्जनशील लेखक येथे आपल्या सिद्धान्ताच्या बराच पुढे गेला आहे. (असे होणे कादंबरीच्या हिताचेच असते.)

तथापि यजमानाच्या बाजूने केलेला हा विचारही एका जागी अडतो, आणि तेथे तो अडलाच पाहिजे. वाटसरूला पाणी देणारे गाव आपल्याच वेशीबाहेरच्या वस्तीला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते. परक्याचे आतिथ्य आणि शेजाऱ्याचा बहिष्कार एकाच घरात सुखाने नांदत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला, त्यामागे हा अनुभव होता. न्यूयॉर्क आणि लंडन येथील विद्यापीठे त्यांच्या दृष्टीने हौशी भ्रमंतीची ठिकाणे नव्हती. गावाने नाकारलेली बरोबरीची वागणूक गावाबाहेर शक्य आहे, याचा पुरावा तेथे मिळत होता. देशीयतेच्या चर्चेत हा पुरावा क्वचितच विचारात घेतला जातो. बहिणाबाईचे अंगण सर्वांना खुले होते असे मीही वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. त्या 'सर्वांना' या शब्दात कोण कोण येत होते, हे मला प्रथम एका विद्यार्थ्याने विचारले. त्याचे आजोळ नशिराबादचे होते.