साक्षीदार की हुतात्मा? : पर्पेतुआची तुरुंगातली डायरी

इसवी सन २०३. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं किनाऱ्यावरचं शहर. विबिया पर्पेतुआ नावाची बावीसेक वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली बाई तुरुंगात आहे. तिचं बाळ अजून अंगावर पितंय. तिचा गुन्हा एवढाच, की ती ख्रिस्ती आहे. ७ मार्चला तिला रिंगणात जनावरापुढे सोडतात आणि शेवटी तलवारीनं मारतात. त्याआधीच्या दिवसांत तिनं लिहिलेला मजकूर आज आपल्याला वाचता येतो. त्या काळातल्या बाईनं स्वतःबद्दल लिहिलेलं इतकं थोडं उरलंय, की एवढ्यानंच थबकायला होतं.

हा मजकूर 'पर्पेतुआ आणि फेलिसितास यांची यातनाकथा' या छोट्या लॅटिन पुस्तिकेत आहे. तिच्यात तीन आवाज आहेत. सुरुवात आणि शेवट एका अनामिक संपादकाचा. मधला मोठा भाग पर्पेतुआचा. तिच्यासोबतच्या सातुरुसनं सांगितलेलं एक स्वप्नही त्यात आहे. पुस्तिका सहसा शौर्यकथा म्हणून वाचली जाते. मला वाटतं, तशी वाचली की तिच्यातलं सगळ्यांत मोलाचं निसटतं. इथली खरी साक्ष पर्पेतुआच्या पाहण्यात आणि सांगण्यात आहे. ती साक्ष थांबते तिथून संपादक हुतात्मा घडवायला घेतो.

एका शब्दाचा प्रवास

ग्रीकमधल्या 'मार्तुस' या शब्दाचा अर्थ साधा आहे : साक्षीदार. कोर्टात उभा राहून पाहिलेलं सांगतो तो. दुसऱ्या शतकाच्या मध्याला स्मिर्नाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प याला जाळून मारलं, त्याच्या कथेपर्यंत येताना हा शब्द श्रद्धेसाठी मरणाऱ्याला चिकटलेला दिसतो. तरी १७७ साली लियाँमध्ये तुरुंगात पडलेले ख्रिस्ती जिवंतपणी हा किताब घ्यायला तयार नव्हते. म्हणजे तोवर मरणाशिवाय साक्ष पुरी होत नाही, अशी समजूत रुजली होती.

मराठीत आपण सरळ शेवटाला पोचतो. हुतात्मा म्हणजे ज्यानं स्वतःची आहुती दिली तो. शब्द यज्ञातला आहे, कोर्टातला नाही. मुंबईच्या हुतात्मा चौकाचं नाव घेतो तेव्हा मनात मरण येतं, जबानी येत नाही. मराठी ख्रिस्ती लेखनात 'रक्तसाक्षी' असाही शब्द भेटतो. तो दोन्ही टोकं धरून ठेवायचा प्रयत्न करतो.

कोर्टाला काय हवं होतं?

साधारण ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्यानं सम्राट ट्रेजनला पत्र लिहून आपली पद्धत कळवली. ख्रिस्ती आहेस का, असं तो आरोपीला तीनदा विचारी. हो म्हणणाऱ्याला मृत्यू. नाही म्हणून सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप जाळला आणि ख्रिस्ताची निंदा केली, की सुटका. याच कार्थेजच्या तेर्तुलियननं पुढे यातली विसंगती नेमकी पकडली : इतर आरोपींचा छळ कबुलीसाठी होतो, आमचा मात्र नाकारण्यासाठी.

सगळा खटला एका शब्दाचा. म्हणूनच पर्पेतुआच्या डायरीची सुरुवात इतकी अचूक वाटते. वडील तिला मागे फिरायची विनवणी करतात. ती जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला भांडं सोडून दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारता येईल का? वडील नाही म्हणतात. मग मीसुद्धा जी आहे, तेच म्हणवून घेऊ शकते, असं ती सांगते. मोठा सिद्धांत नाही, स्वर्गाचं आमिष नाही. वडील इतके संतापतात, की तिचे डोळे उपटायला धावतात.

लॉग आणि अहवाल

आमच्या कामात सर्व्हर बंद पडतो तेव्हा दोन कागद तयार होतात. एक लॉग : घटना घडत असताना ओळीमागून ओळ नोंदला गेलेला. दुसरा अहवाल, जो नंतर मीटिंगसाठी लिहिला जातो. अहवालाला शेवट ठाऊक असतो, म्हणून त्यात सगळं त्या शेवटाकडे जाताना दिसतं. लॉगमध्ये कामाच्या आणि बिनकामाच्या नोंदी शेजारी-शेजारी असतात.

पर्पेतुआचा मजकूर लॉगसारखा आहे. तुरुंगातला काळोख, गर्दीनं कोंडलेली हवा, सैनिकांची पैशांसाठी दमदाटी. भुकेनं मलूल झालेलं बाळ. ते जवळ राहू लागल्यावर तिला तुरुंग राजवाड्यासारखा वाटतो. खटल्यानंतर वडील बाळ परत द्यायला नकार देतात. मग ती लिहिते, की बाळालाही आता दूध नको होतं आणि तिची छातीही ठणकली नाही. तिच्या लेखी ही देवाची कृपा आहे. शौर्यकथेला अशी नोंद लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र ती विसरता येत नाही.

वडिलांचं चित्रही तसंच. ते तिच्या हातांची चुंबनं घेतात, मुलीला बाईसाहेब म्हणतात. कोर्टात बाळ घेऊन पुढे येतात तेव्हा न्याय करणारा हिलारियानुस त्यांना काठीनं मारायला लावतो. तो मार आपल्यालाच बसल्यासारखं तिला वाटतं. तरी ती शब्द बदलत नाही. वडील खलनायक नाहीत आणि ती दगड नाही. दोघांपैकी कुणालाही सोपं न करता ती हे लिहिते, यात तिची लेखक म्हणून ताकद आहे.

स्वप्नांतही हेच. पितळी शिडी, तिच्या कडांना शस्त्रं, पायथ्याशी अजगर. वर एक मेंढपाळ तिला दुधाच्या पदार्थाचा घास देतो आणि जाग येते तेव्हा तोंडात गोडवा असतो. सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या आजारानं गेलेला भाऊ दिनोक्रातेस तहानलेला दिसतो. तिच्या प्रार्थनांनंतर तो पाणी पिऊन खेळायला जातो. झुंजीच्या आदल्या दिवशी ती स्वप्नात पुरुष होऊन एका इजिप्शियन मल्लाला हरवते. आणि तिथे ती लेखणी ठेवते. रिंगणात काय होईल ते ज्याला हवं त्यानं लिहावं, असं म्हणून.

संपादकाचं रिंगण

मग अहवाल सुरू होतो. एक उधळलेली गाय तिला उडवते. ती फाटलेला कपडा मांडीवर ओढते, मोकळे केस शोकाचे दिसू नयेत म्हणून पिन मागते. शेवटी नवख्या ग्लॅडिएटरचा थरथरता हात स्वतःच्या गळ्याशी नेते. हे प्रसंग विलक्षण आहेत, पण ते आपण प्रेक्षकांच्या बाकांवरून पाहतो. बोलणारी बाई आता पाहण्याची गोष्ट झाली आहे.

फेलिसितासच्या वाट्याला तर डायरीही नाही. ती गुलाम आहे, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला मारता येत नसे, म्हणून सोबत्यांपासून मागे राहण्याची तिला धास्ती. प्रार्थनेनंतर तुरुंगातच तिला मुलगी होते. कळांनी ओरडताना पहारेकरी टोमणा मारतो. ती सांगते, आत्ताचं दुखणं माझं आहे, तिथे माझ्यासाठी दुसरा कुणी सोसेल. एवढंच तिचं बोलणं आपल्यापर्यंत आलं. बाकी तिचं शरीर येतं, दूध गळणाऱ्या छातीसह, जे पाहून गर्दीही शहारते. रिंगणात दोघी एकत्र उभ्या राहिल्या, पण साक्ष लिहिण्याची संधी मालकिणीच्या वर्गाला मिळाली. या पुस्तिकेचं कौतुक करताना हे डोळ्याआड करता येणार नाही.

ही डायरी खरंच पर्पेतुआची का, अशी शंका काही अभ्यासक घेतात. त्यावर मला एक उत्तर पुरेसं वाटतं. या कथेच्या नंतरच्या संक्षिप्त आवृत्त्या उपलब्ध आहेत. त्यांत घरचे बाळ घेऊन येतात आणि पर्पेतुआ त्याला दूर लोटते. हुतात्मा घडवणारा असं लिहितो. बाळाच्या दुधाची काळजी तो पुसून टाकतो. मूळ मजकुरात ती काळजी शाबूत आहे.

पर्पेतुआच्या मुलाचं नाव पुस्तिकेत कुठेच नाही. फेलिसितासच्या मुलीचंही नाही. तिला समुदायातल्या एका बाईनं आपली म्हणून वाढवलं, एवढं एक वाक्य आहे. ती बाईही तिथे होती. तिनंही हे सगळं पाहिलं असणार. ती जगली, म्हणून तिला मार्तुस कुणी म्हटलं नाही.