रोगी कीं शत्रु? — व्होल्मर यांचा पोलिसविषयक ग्रंथ

१८९८ सालीं फिलिपाइन्समध्यें अमेरिकेच्या सैन्यांतून लढलेले ऑगस्ट व्होल्मर १९०५ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कली शहरीं पोलिसांचे मुख्य म्हणून निवडून आले. १९३२ मध्यें निवृत्त झाल्यावर, १९३६ सालीं, त्यांनीं 'दि पोलीस अँड मॉडर्न सोसायटी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ग्रंथाचा उत्तम भाग व्यसनांविषयींचा होय. मादक द्रव्यांचें व्यसन हा वैद्यांचा विषय आहे, पोलिसांचा नव्हे, हें मत एका पोलीस-अधिकाऱ्यानेंच निर्भीडपणें मांडावें, हें आम्हांस विशेष वाटतें. मारहाणीनें कबुली घेण्याचा त्यांस तिटकारा होता. हाताखालीं त्यांनीं विद्यापीठांतले तरुण घेतले.

तथापि एक विसंगति आम्हांस खुपते. समाजाच्या शत्रूंशीं पोलिसांचें युद्धच चाललें आहे, आणि आपण त्यांत सैनिकी डावपेच योजतों, असेंही व्होल्मर म्हणत. शत्रूस एकदां जिंकलें कीं शिपाई घरीं परततो. गुन्हेगार मात्र शिक्षा भोगून त्याच गल्लींत नांदावयास येतो. मग त्यास रोगी समजावयाचें कीं शत्रु? एकाच मनांतले हे दोन विचार आम्हांस जुळतांना दिसत नाहींत. यांतला पहिला टिकावा, अशीच आमची इच्छा आहे. ज्यांच्या घरचा मुलगा पोलीसखात्यांत जाणार असेल, त्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा.