ग्रंथालय-कायदा आणि सीमेवरील वाचक : निलंगा तालुक्याच्या संदर्भात एक विचार

राज्यपुनर्रचनेपर्यंत निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्याकडे गेले आणि निलंगा मराठवाड्याबरोबर द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे एकाच जुन्या जिल्ह्याच्या या दोन भागांना दोन निरनिराळे ग्रंथालय-कायदे लाभले : बीदरला म्हैसूरचा १९६५ चा, तर निलंग्याला महाराष्ट्राचा १९६७ चा. म्हणूनच ही तुलना उद्बोधक ठरते.

म्हैसूरच्या कायद्याने ग्रंथालय-कर बसविला. महाराष्ट्राने तो टाळला आणि लोकांनी चालविलेल्या संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. या निवडीस आधार होता. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू असताना मराठवाड्यातील वाचनालये लोकांच्या पदरमोडीतून उभी राहिली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे आहे. अशा संस्थांचे स्वातंत्र्य अबाधित राखले, हे या कायद्याचे श्रेय निःसंशय मोठे होय.

परंतु याच गुणात त्याचा दोषही दडलेला आहे. जेथे संस्था आहे तेथेच अनुदान पोचते. जेथे ती उभारण्याची ऐपत कोणापाशी नाही, त्या गावच्या वाचकाचा विचार या योजनेत येत नाही. २०१२ च्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नव्या संस्थांना मान्यता देणेही दीर्घकाळ थांबले. म्हणजे ज्यांनी उशिरा जागे व्हावे, त्यांच्यासाठी दार बंद.

१९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. ग्रंथ, नियतकालिके, सभासद यांची संख्या हा त्या वर्गीकरणाचा पाया. मोजता येईल तेच मोजावे, हे शासनव्यवहारास धरूनच झाले. तथापि मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या या सीमाभागात कोणाच्या हाती कोणते पुस्तक गेले, शेतमजुराचा मुलगा वाचनालयाची पायरी चढला की नाही, याची नोंद त्या कोष्टकात कोठेच होत नाही. ज्या सामाजिक कार्यासाठी अनुदान द्यावयाचे, तेच अनुदानाच्या कसोटीबाहेर राहते.

अनुदानाच्या दरांचीही तीच कथा. २०१२ नंतर दरवाढ झाली ती थेट २०२२–२३ साली, ६० टक्क्यांची. मधल्या दहा वर्षांत महागाई वाढतच होती. ग्रंथपालाचे वेतनही याच अनुदानातून निघते.

कर बसविला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. वसूल झालेला कर स्थानिक संस्थांकडून ग्रंथालयांपर्यंत पुरता पोचत नाही, अशी कर्नाटकातही तक्रार आहे. खरा भेद कर आणि अनुदान यांत नसून उपकार आणि हक्क यांत आहे. ग्रंथालय हा गावाचा हक्क मानला, तर वाचनालय नसलेल्या गावाचा जाब शासनाला द्यावा लागेल. १९६७ च्या कायद्याने तो जाब स्वतःकडे घेतला नाही. त्याच्या पुनर्विचाराचा आरंभ येथूनच व्हावयास हवा.