पास, पण कोणत्या पेपरात?

मागच्या वेळी आपण न्यायशास्त्रातल्या ‘उपाधी’वर थांबलो होतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. आज ती आम्ही एका चौकशी अहवालात शोधणार आहोत.

4 जून 1996. युरोपचा नवा अग्निबाण एरियन-5 पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटला. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या समितीने जुलैत अहवाल दिला.

अग्निबाणाची स्थिती सांगणाऱ्या उपकरणातलं सॉफ्टवेअर एरियन-4 वरून आणलेलं. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या 16 बिटांत बसवायची होती. तिथे 32,767 च्या वर काही मावत नाही. एरियन-5 चा आडवा वेग फार लवकर वाढतो. संख्या मावली नाही, उपकरण बंद. राखीव उपकरणातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तेही बंद. आणि ते गणित उड्डाणानंतर एरियन-5 ला लागतच नव्हतं!

मग चाचण्या झाल्या नव्हत्या का? झाल्या होत्या की. पण संपूर्ण यंत्रणेच्या चाचणीत हे उपकरण नव्हतं, त्याच्या जागी संगणकावरची नक्कल होती. कारण उपकरण स्वतंत्रपणे पास झालेलं. पास, पण कोणत्या पेपरात? त्याच्या अपेक्षांच्या कागदात एरियन-5 चा उड्डाणमार्ग घालायचा नाही, असं संबंधितांनी मिळून ठरवलं होतं.

अहवाल एका प्रोग्रामरवर खापर फोडून मोकळा होत नाही, हा त्याचा मोठा गुण. आमची तक्रार क्रमाबद्दल आहे. दुसरी शिफारस म्हणते, चाचणीत शक्य तितकी खरी उपकरणं ठेवा. ठीक. पण खरं उपकरण ठेवून त्याला जुनाच मार्ग दाखवला, तर ते पुन्हा पासच होणार ना? सॉफ्टवेअरने मनातल्या मनात धरलेली गृहीतकं शोधून काढा, ही शिफारस पाचवी आली आहे. आम्ही ती पहिली ठेवली असती. कोणती चाचणी घ्यायची, हे तिच्यावरूनच कळतं.

कारण ही अट कुणालाच माहीत नव्हती असं नाही. एरियन-4 च्या वेळी धोक्याच्या सात संख्या सापडल्या होत्या. चारांना संरक्षण दिलं, तीन तशाच सोडल्या. त्या मर्यादेबाहेर जाणार नाहीत, असा विचार करून. तो विचार प्रोग्रामच्या मजकुरात मात्र कुठे नोंदलेला सापडला नाही.