चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?

जालना आणि गडचिरोली येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. शोधनिबंध पारखून कसा वाचावा हे जालन्याच्या मुलांना शिकवायचे, तर पहिला निबंध गडचिरोलीचाच घ्यावा, असे आम्हाला वाटते.

डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा हा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देत. तुलनेच्या ४७ गावांत ही सोय नव्हती. तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५८ होता, ५९.६ झाला. ही ४७ गावे नसती तर कोणीही म्हणाले असते, रस्ते सुधारले, पीकपाणी चांगले झाले, म्हणून बाळे वाचली.

पण कोणती गावे कोणत्या गटात घालायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. 'सर्च' संस्था त्या भागात आधीपासून काम करत होती. मग यशातला उपचाराचा वाटा किती आणि लोकांच्या विश्वासाचा किती? जालना हे बियाण्यांचे गाव. कंपनीचा प्रात्यक्षिक प्लॉट विहिरीजवळच्या काळ्या रानात असतो की माळावर, हे कापूसवाल्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. शंका तीच आहे.

मात्र 'चिठ्ठ्या नाहीत, सबब निबंध बाद' असे लिहिणारा विद्यार्थीही नापासच. बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात चिठ्ठ्यांच्या पद्धतीने विभाग निवडून अशीच घरपोच सेवा दिली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्युदरातली घट ३४ टक्के निघाली. गडचिरोलीत ती सुमारे ६२ टक्के होती. आकडा उतरला, दिशा तीच राहिली. भारतात २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्या नवजात बाळांसाठी घरभेटी देऊ लागल्या.

२०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात औषध कंपन्यांच्या प्रचारपत्रकांची चिकित्सा करण्याचा पाठ आहे. पाठ उत्तम, पण आपल्याकडचे प्रयोगवह्यांचे प्राक्तन आपण शिक्षक जाणतोच. एकाने लिहायचे, नव्वद जणांनी उतरवायचे! पुढे याच मुलांच्या टेबलावर गुळगुळीत कागदावरचा आलेख येईल, 'ऐंशी टक्के रुग्ण बरे'. औषध न घेता त्याच आठवड्यात किती बरे झाले, हे तिथे विचारायला दुसरे कोणी नसेल. रुग्ण तर बाहेर बाकावर बसलेला असेल, खिशात औषधापुरते पैसे घेऊन.