सूक्ष्मवित्त संस्थांचे सामाजिक प्रभाव-प्रमाणपत्र : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
सूक्ष्मवित्त संस्थांच्या सामाजिक कार्याचे मूल्यमापन करून त्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली. ‘स्मार्ट कॅम्पेन’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमांतर्गत २०१३ पासून २०२० पर्यंत ग्राहक-संरक्षणाची प्रमाणपत्रे दिली गेली. अशा प्रमाणपत्रातून नेमके काय सिद्ध होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
कर्जव्यवहाराच्या तपासणीचा प्रश्न या परिसरास नवा नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला. आजच्या दौंड तालुक्याचा भागही त्या वेळी भीमथडीतच मोडत असे. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने, केवळ रोख्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य न्यायालयावर सोपविले.

आजचे प्रमाणपत्र याच्या उलट दिशेने जाते. त्यात प्रामुख्याने संस्थेची धोरणे, व्याजाची पारदर्शकता व तक्रारनिवारण तपासले जाते. काही कर्जदारांच्या मुलाखती होतात. तथापि मूल्यमापनाचे एकक संस्था हेच असते, कुटुंब नव्हे. परतफेडीचे उच्च प्रमाणही निर्णायक पुरावा ठरत नाही. संयुक्त दायित्व गटात एकीचा थकलेला हप्ता इतर महिला भरतात. हैदराबाद येथील वस्त्यांवर आधारित व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅनर्जी, डुफ्लो व सहकाऱ्यांच्या अभ्यासात लघुउद्योगांतील गुंतवणूक वाढलेली दिसली. आरोग्य, शिक्षण व महिला सक्षमीकरण यांत मात्र लक्षणीय बदल आढळला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे एकूण मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत. कुटुंब हे एकक मानणारा हा नियम स्वागतार्ह होय. परंतु उसाचे बिल गळीत हंगामावर अवलंबून असते, मजुरी अनियमित असते आणि हातउसने वा सावकारी कर्ज पतमाहिती कंपनीच्या नोंदीत येत नाही. अशा ठिकाणी मासिक सरासरी फसवी ठरते.

निष्कर्ष :
सामाजिक प्रभावाचा दावा करावयाचा असल्यास कुटुंबाच्या सर्व ऋणांचा किमान तीन वर्षांचा इतिहास तपासला पाहिजे. संस्थेकडून मानधन न घेता स्थानिक महाविद्यालयांचे अर्थशास्त्र विभाग हे काम करू शकतील. तोपर्यंत अशा प्रमाणपत्रास संस्थेच्या शिस्तीचा दाखला म्हणावे. कर्जदार महिलेच्या उन्नतीचा नव्हे.